काचेच्या मण्यातून पाहिलेले अळू, तेरडा आणि ऱ्हिओ

वनस्पतिशास्त्राची पदवी घेताना तीन वर्षांत मी दीड-दोनशे आकृत्या काढल्या असतील. प्रात्यक्षिकाच्या वह्यांत त्या आजही आहेत. टोकदार पेन्सिलीने काढलेल्या, उजवीकडे समांतर रेघा ओढून नावे दिलेल्या आणि खाली तांबड्या शाईची सही असलेल्या. त्यांतील फारच थोड्या मी प्रत्यक्ष पाहून काढल्या होत्या, हे मला तेव्हाही ठाऊक होते. आठ-दहा जणींत एक सूक्ष्मदर्शक असे. रांगेत उभे राहायचे, पाळी आली की नळीला डोळा लावायचा, काहीतरी गुलाबी आणि हिरवे दिसते न दिसते तोच मागची मैत्रीण घाई करायची, आणि मग जागेवर येऊन पुस्तकातील आकृती वहीत उतरवायची. गुण चांगले मिळाले. पुढे नोकरी बँकेत लागली आणि तो विषय वह्यांबरोबर माळ्यावर गेला.

निवृत्तीनंतर सांगलीच्या घरी निवांत बसल्यावर ती जुनी बोच पुन्हा जाणवू लागली. संयुक्त सूक्ष्मदर्शक विकत घेण्याचा विचार मनात आला होता, पण त्याआधी एकाच भिंगाने किती पाहता येते ते अजमावून पाहावे असे ठरवले. साधा सूक्ष्मदर्शक म्हणजे एका भिंगाचा सूक्ष्मदर्शक, एवढाच या शब्दाचा अर्थ. संयुक्त सूक्ष्मदर्शकात वस्तूजवळच्या भिंगाने तयार केलेली प्रतिमा डोळ्याजवळचे भिंग पुन्हा मोठी करून दाखवते. साध्यात डोळा आणि वस्तू यांच्यामध्ये एकच भिंग असते. ‘साधा’ म्हटल्यामुळे तो कमी प्रतीचा वाटतो, परंतु डेल्फ्टचे कापडव्यापारी लेव्हेनहूक यांनी १६७० च्या दशकात जीवाणूंपर्यंत मजल मारली ती एकाच इवल्या भिंगातून. त्यांच्या आज उपलब्ध असलेल्या एका उपकरणाची क्षमता सुमारे २७० पट भरते. रॉबर्ट ब्राउन यांनी ऑर्किडच्या पानांच्या अपित्वचेत, म्हणजे सर्वांत बाहेरच्या थरात, प्रत्येक पेशीत एक गोल ठिपका असतो हे पाहिले आणि १८३१ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे त्याला केंद्रक हे नाव दिले, तेव्हा त्यांच्या हातातही एकाच भिंगाचे उपकरण होते. याउलट, १६६५ मध्ये बुचाच्या कापात ‘पेशी’ पाहणाऱ्या रॉबर्ट हूक यांनी संयुक्त सूक्ष्मदर्शक वापरला होता. त्यांनी एका घन इंच बुचात १२५ कोटींहून अधिक कप्पे असल्याचा हिशेब मांडला. ते कप्पे मात्र रिकामे होते. मृत पेशींच्या नुसत्या भिंती.

सुरुवात मी शाळा-महाविद्यालयांत विच्छेदनासाठी वापरतात त्या दहापट भिंगाच्या स्टँडने केली. त्यातून दुधीच्या पानावरची लव, ओव्याच्या पानावरचे चकाकणारे केस, कांद्याच्या पापुद्र्यावरची बारीक जाळी असे बरेच काही दिसले आणि काही दिवस त्यात मजेत गेले. पण जाळीचा एक चौकोन घेऊन त्याच्या आत डोकवावे तर दहापट मोठे करणे पुरत नाही. तेव्हा भिंग म्हणून काचेचा लहानसा मणी करायचे ठरले.

मण्याचे गणित सोपे आहे. नेहमीच्या काचेचा अपवर्तनांक १.५ धरला, तर गोल मण्याचे नाभीय अंतर, म्हणजे भिंगाच्या मध्यापासून समांतर किरण एकत्र येतात तिथपर्यंतचे अंतर, त्याच्या व्यासाच्या पाऊणपट येते. डोळ्याला वस्तू स्पष्ट दिसण्याचे अंतर २५० मिलिमीटर मानतात. त्याला नाभीय अंतराने भागले की विशालन मिळते. म्हणजे दोन मिलिमीटरचा मणी सुमारे १६७ पट मोठे दाखवतो आणि एक मिलिमीटरचा ३३३ पट. मणी जितका लहान तितका तो अधिक मोठे करून दाखवतो, ही गोष्ट समजत असूनही पहिले काही दिवस मनाला पटत नव्हती. मनु प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार करून २०१४ मध्ये मांडलेला कागदी घडीचा फोल्डस्कोप याच तत्त्वावर चालतो. त्यातही एक लहानसे गोल भिंग असते आणि ते १४० पट मोठे करते.

प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून मऊ काचेच्या कांड्या आणल्या. कांडी दोन्ही हातांत आडवी धरून तिचा मधला भाग ज्योतीत सावकाश फिरवत राहायचे. काच तांबूस होऊन लवू लागली की ती ज्योतीबाहेर काढायची आणि त्याच क्षणी दोन्ही हात एका दमात लांब न्यायचे. मध्ये काचेचा लांबलचक तंतू तयार होतो. ज्योतीत असतानाच ओढले तर तंतू तुटतो आणि बाहेर काढल्यावर क्षणभर थांबलात तर काच गोठते. हा तंतू मोडून त्याचे टोक पुन्हा ज्योतीच्या कडेला धरले, की ते वितळून आपोआप वर सरकते आणि त्याचा गोल होतो. हूक यांनी हीच युक्ती १६६५ च्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवली आहे. गोल हवा तेवढा झाला की तंतू बाहेर घ्यावा, मण्याला हात लावू नये आणि शेपटी धरायला ठेवून बाकीचा तंतू तोडून टाकावा. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण थंड होताना काच कधीकधी तडकून उडते.

पहिल्या दिवशी केलेल्या चौदा मण्यांपैकी अकरा निकामी निघाले. काहींत हवेचा बुडबुडा होता, काही गोल होण्याऐवजी थेंबासारखे लांबट झाले होते, आणि काहींवर काजळी बसली होती. उरलेल्या तिघांतला सर्वांत नितळ मणी कॅलिपरने मोजला तो १.८ मिलिमीटर भरला, म्हणजे हिशेबाने १८५ पट. अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याच्या दोन पट्ट्यांना सुईने एकमेकांसमोर भोके पाडली, भोकांच्या कडा पॉलिश कागदाने घासल्या, मणी मध्ये ठेवून शेपटी बाजूला वळवली आणि पट्ट्या चिकटपट्टीने घट्ट केल्या. शेपटी प्रकाशाच्या वाटेत आली तर सारे दृश्य विस्कटते, म्हणून तिला आडवे ठेवणे आवश्यक आहे.

पाहायला पहिला अर्थातच कांदा घेतला. फोडीच्या आतल्या, खोलगट बाजूचा पापुद्रा चिमट्याने ओढला की सहज सुटतो. तो काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरवला, आयोडीनचा एक थेंब सोडला, बुडबुडे टाळण्यासाठी कव्हरस्लिप, म्हणजे झाकायची पातळ काच, सुईच्या आधाराने तिरकी करत हळूच खाली ठेवली. मग मण्याला डोळा लावला आणि काहीच दिसले नाही. नुसता पिवळसर उजेड. काचपट्टी पुढे-मागे, वर-खाली करून पाहिली, मणी बदलून पाहिला. तब्बल दोन संध्याकाळी अशाच गेल्या आणि मणी सदोष आहेत अशी माझी जवळजवळ खात्रीच झाली.

चूक मण्याची नव्हती. इतक्या लहान भिंगासाठी वस्तू मण्याच्या पृष्ठभागापासून व्यासाच्या एक चतुर्थांश अंतरावर असावी लागते. माझ्या मण्याच्या बाबतीत हे अंतर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी होते. मी मात्र काचपट्टी उलटी धरत होते, म्हणजे मणी आणि पापुद्रा यांच्यामध्ये एक मिलिमीटरहून जाड काच येत होती आणि पापुद्रा तेवढ्या जवळ जाणे शक्यच नव्हते. कव्हरस्लिपची बाजू मण्याकडे केली, जिची जाडी मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही कमी असते, आणि पट्टी बोटांच्या दाबाने हळूहळू जवळ आणली. आधी धुके, मग धुक्यात तिरक्या रेघा, आणि एका क्षणी त्या रेघा अशा काही जुळल्या की माझा श्वास थांबला. विटांच्या भिंतीसारख्या एकमेकींत अडकलेल्या लांबट पेशी, आणि प्रत्येकीत कुठे कडेला, कुठे मध्ये, एक पिवळट तपकिरी गोल. केंद्रक. माझ्या वहीत तो प्रत्येक पेशीच्या बरोबर मध्यभागी काढलेला आहे.

त्या रात्री मी स्वतःसाठी एक नियम केला: आकृती पूर्ण होईपर्यंत पुस्तक उघडायचे नाही, आणि जे दिसले नाही ते काढायचे नाही. पेशींच्या आकाराचा अंदाज यावा म्हणून पापुद्र्याशेजारी डोक्याचा एक केस ठेवला. पेशीची रुंदी केसाच्या जाडीच्या आसपासच होती, लांबी मात्र तिच्या कितीतरी पट. असे मोजमाप ढोबळ असले तरी आकृतीला प्रमाण मिळते.

उजेडाविषयी थोडे सांगणे भाग आहे. दिवसा खिडकीतून दिसणारे ढगाळ पांढरे आकाश सर्वांत उत्तम; सूर्याकडे मणी कधीही धरू नये, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. रात्री एलईडी दिव्यापुढे बटरपेपर लावला तरी चालते. पेशींच्या भिंती पारदर्शक असल्याने फार उजेडात त्या विरघळून जातात. काचपट्टीमागे लहान भोकाचा काळा कागद धरला की कडा उठून दिसतात. मण्यातून दृश्याचा मधला भागच स्पष्ट असतो, कडेचा वाकडा आणि पुसट येतो, म्हणून हवी ती पेशी नेमकी मध्ये आणावी लागते. डोळा मण्याला जवळजवळ टेकवावा लागतो आणि पापणी सारखी लवते. आठवडाभरात याची सवय होते.

पावसाळा असल्याने परसदारी अळू माजले होते. सासूबाई फतफत्यासाठी देठे सोलायला बसल्या होत्या, त्यांतले एक मी उचलले. “अगं, आधी हाताला चिंचेचं पाणी लाव, नाहीतर रात्रभर खाजवत बसशील,” असे त्या म्हणाल्या, आणि मी त्यांचे ऐकले. देठ आडवे कापले की नुसत्या डोळ्यांनाही ते स्पंजासारखे दिसते. पातळ काप मण्याखाली घेतल्यावर त्या स्पंजाची बांधणी उलगडली: मोठमोठ्या हवेच्या पोकळ्या आणि त्यांना वेगळे करणारे, एकेका पेशीच्या जाडीचे पडदे. पाठ्यपुस्तकात जिला वायू ऊती म्हणतात ती हीच. ओलसर, चिखलाच्या जागी वाढणाऱ्या या झाडाच्या मुळांपर्यंत हवा पोहोचते ती या पोकळ्यांमधून. दुसऱ्या काचपट्टीवर मी देठाचा नुसता खरवडलेला गर पाण्यात कालवून ठेवला होता. त्यात काही लांबट पेशी इतरांपासून वेगळ्या उठून दिसत होत्या, आणि त्यांच्या आत गवताच्या पेंढीसारखा घट्ट बांधलेला सुयांचा जुडगा होता. एके ठिकाणी तो जुडगा फुटून सुया पाण्यात विखुरल्या होत्या. दोन्ही टोकांना निमुळत्या, सरळ, काचेसारख्या. कॅल्शियम ऑक्झलेटचे हे स्फटिक, आणि घशाला खाज आणण्यात त्यांचाच मोठा वाटा. सासूबाईंना बोलावून दाखवले. चष्मा काढून त्यांनी डोळा लावला, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मग म्हणाल्या, “एवढ्याशा सुया, पण जन्मभर यांनी आम्हाला चिंच घालायला लावली.” मला कुणी विचारले की घरी पहिल्यांदा काय पाहावे, तर मी कांद्याच्या आधी अळूचे नाव घेईन.

खरी परीक्षा झाली ती तेरड्याच्या वेळी. पापुद्रा सोलणे किंवा गर खरवडणे सोपे. खोडाचा काप घेणे ही वेगळीच विद्या आहे, आणि माझ्या मते सारे सूक्ष्मदर्शन त्या विद्येवर उभे आहे. भिंग कितीही चांगले असले तरी काप जाड असेल तर पेशींचे थर एकमेकांवर येतात आणि ओल्या कापडाच्या बोळ्यासारखे काहीतरी दिसते. गौरी-गणपतीच्या दिवसांत तेरडा भरपूर मिळतो आणि त्याचे खोड पाणीदार, अर्धपारदर्शक असते. गौरीसाठी आणलेल्या जुडीतील दोन ताटे बाजूला ठेवून, बूड पाण्याखाली तिरके कापून, सॅफ्रॅनिन हा तांबडा रंग घातलेल्या पाण्यात दोन तास उभी केली. खोडातून वर चढणाऱ्या तांबड्या रेघा बाहेरूनच दिसू लागल्या. जलवाहिन्या म्हणजे काय ते सांगायला याहून सोपी रीत मला माहीत नाही.

मग नवे ब्लेड घेतले. खोडाचा बोटभर तुकडा डाव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीत उभा धरायचा, खोड आणि ब्लेड दोन्ही ओले ठेवायचे आणि ब्लेड दाबून न कापता आपल्याकडे सरकवत, एका लांब ओढीत न्यायचे. मनगट नव्हे, सबंध हात हलला पाहिजे. एकेक काप कुंचल्याने उचलून बशीतल्या पाण्यात सोडायचा. पहिले वीस-पंचवीस काप पाण्यात पडताच तळाशी गेले. पातळ काप मात्र तरंगतात, किंवा पाण्यात असल्याचेच कळत नाही. पूर्ण गोल काप मिळावा हा हट्ट सोडला तेव्हा काम सोपे झाले, कारण तिरका, पाचरीसारखा काप असला तरी त्याच्या निमुळत्या कडेला एका पेशीच्या जाडीची जागा सापडते आणि पाहायला तेवढी पुरते. पान कापायचे असेल तर ते गाजराच्या चिरेत धरावे.

त्या कडेवर तेरडा दिसला. बाहेर अपित्वचेच्या चपट्या पेशींची एकच ओळ, तिच्या आत कोपऱ्यांशी जाड भिंतींच्या पेशी, म्हणजे स्थूलकोन ऊती, आणि मग आतवर पसरलेल्या मूल ऊतींच्या मोठ्या, गोलसर, पातळ भिंतींच्या पेशी. त्यांच्यामध्ये वाहिन्यांचे पुंजके वर्तुळात मांडलेले, जलवाहिन्या लालभडक. माझ्या जुन्या आकृतीत हे पुंजके सारख्या आकाराचे, सारख्या अंतरावर, परकाराने आखल्यासारखे आहेत. मण्यातून पाहिलेल्या तेरड्यात मात्र एक मोठा, शेजारी दोन बारके, मग बरीच मोकळी जागा, असा सगळा असमान पसारा होता. मी तो तसाच काढला. जलवाहिन्या आणि रसवाहिन्या यांच्यामधली विभाजी ऊतींची, म्हणजे नव्या पेशी तयार करणारी, पट्टी मला ओळखता आली नाही, म्हणून ती जागा वहीत कोरी आहे. दुसऱ्या दिवशी खोडाचा उभा काप घेतला, तेव्हा जलवाहिनीच्या भिंतीवर आतून गुंडाळलेली लाल वळी दिसली, बॉलपेनातल्या स्प्रिंगसारखी, एका जागी थोडी ताणून सुटलेली. अशी वळी असल्यामुळे कोवळी वाहिनी खोडाबरोबर लांबत जाते आणि तरीही पाणी खेचताना चेपत नाही.

पेरूचे थोडक्यात सांगते. गराचा रवाळ कण काचपट्टीवर चिरडून सॅफ्रॅनिन लावले की दगडी पेशींचे झुबके दिसतात. त्यांच्या भिंती इतक्या जाड की आत पोकळी जेमतेम उरलेली, आणि त्या पोकळीपासून भिंतीत शिरलेल्या बारीक वाटा. पेरू खाताना दाताखाली कचकचते ते हेच.

ऱ्हिओ सर्वांत शेवटी घेतला. फाटकाशी कुंडीत असलेले, पानाची खालची बाजू जांभळी असणारे हे झाड पुष्कळांच्या अंगणात असते. पान दुमडून तिरके फाडले की खालच्या बाजूचा जांभळा, पारदर्शक पापुद्रा सुटून येतो आणि त्याला कोणताही रंग लावावा लागत नाही. बहुकोनी पेशी जांभळ्या रसाने काठोकाठ भरलेल्या, आणि मधूनमधून पर्णरंध्रे. त्यांच्या घेवड्याच्या दाण्यांसारख्या दोन रक्षक पेशींत जांभळा रंग नाही, हिरवे कण आहेत. कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवला आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावून तो आत ओढून घेतला. मिनिटाभरात पहिल्या पेशीतला जांभळा भाग एका कोपऱ्यातून भिंतीपासून सुटला. मग शेजारच्या पेशीत, मग सगळीकडे. भिंती जागच्या जागी, आणि आतला रंग आकसत आकसत गोल गोळीएवढा झालेला. रससंकोच हा शब्द मी परीक्षेत किती वेळा लिहिला होता, पण पेशीभित्तिका आणि पेशीपटल या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे त्या क्षणापर्यंत मी मानत होते, पाहिलेले नव्हते. त्याच रीतीने साधे पाणी आत घेतल्यावर बहुतेक पेशी पुन्हा भरल्या. काही भरल्या नाहीत, त्या बहुधा मेल्या होत्या.

याच झाडाच्या पानांच्या बेचक्यात, नावेसारख्या आवरणात, लहान पांढरी फुले येतात आणि त्यांच्या पुंकेसरांवर बारीक केस असतात. ऱ्हिओ ट्रॅडेस्कॅन्शिया या प्रजातीत मोडतो आणि ब्राउन यांनी ऑर्किडांबरोबर याच प्रजातीतील एका झाडाचे असे केस पाहिले होते, हे वाचल्यापासून ते पाहण्याची मला ओढ लागली होती. एका सकाळी सातच्या सुमारास नुकतेच उमललेले फूल आणले, चिमट्याने एक पुंकेसर काढून पाण्यात ठेवले आणि खिडकीशी बसले. केस म्हणजे मण्यांची माळ निघाली, एकापुढे एक जोडलेल्या फुगीर पेशींची. प्रत्येकीत केंद्रक, आणि त्याच्यापासून भिंतीकडे गेलेले पेशीद्रवाचे नाजूक धागे. बराच वेळ सारे स्तब्ध वाटले. नजर एका धाग्यावर स्थिर ठेवली, तेव्हा त्यावरून एक अतिशय बारीक कण केंद्रकाकडे सरकताना दिसला, त्याच्यामागे दुसरा. शेजारच्या धाग्यावर कण उलट दिशेने चालले होते. चहा तसाच निवून गेला. सासूबाईंना हाक मारली, त्या येऊन माझ्या खुर्चीत बसल्या, आणि मी वही उघडून त्या पेशीत धाग्यांच्या बाजूला बाणाची दोन टोके काढली, एक केंद्रकाकडे जाणारे आणि एक त्याच्यापासून दूर जाणारे.